नाव बाइटमध्ये मावते का? : सी भाषेतील विस्तृत वर्णांच्या रूपांतराचा पाठ

शाळेची स्मरणिका ही मुख्यतः नावांची वही असते. संस्थापक, गुरुजन, देणगीदार आणि वर्षानुवर्षे या वसतिगृहात राहून शिकून गेलेले विद्यार्थी या सर्वांची नावे तिच्यात एकत्र येतात. ही नावे पूर्वी शाळेच्या जनरल रजिस्टरात शाईने लिहिली जात. आता ती संगणकात नोंदवली जातात. शाईने लिहिलेले नाव वाचता आले नाही तर तो हस्ताक्षराचा दोष मानला जाई. संगणकातील नावाच्या जागी मात्र प्रश्नचिन्हे, रिकामे चौकोन किंवा असंबद्ध चिन्हे दिसू लागली की आपण यंत्राला दोष देऊन मोकळे होतो. वास्तविक यंत्र निर्दोष असते. त्या यंत्राला सूचना देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका लहानशा रूपांतराकडे दुर्लक्ष झालेले असते. ते रूपांतर म्हणजे विस्तृत वर्णाचे एका बाइटमध्ये रूपांतर.

सी या प्रोग्रॅमिंग भाषेत हे रूपांतर कसे होते, कसे होऊ नये आणि ते नीट करण्याची रीत कोणती, याचा अभ्यास आम्ही या पाठात मांडत आहोत. आमचे काही माजी विद्यार्थी तंत्रनिकेतनांत व अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी भाषा शिकत आहेत. त्यांना हा पाठ थेट उपयोगी पडेल. ज्या पालकांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध आलेला नाही, त्यांनीही तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी भागाकार आणि बाकी एवढेच गणित पुरेसे आहे.

१. वर्ण वेगळा, त्याचे लेखन वेगळे

प्रथम एक भेद मनात पक्का करावा लागेल. वर्ण ही एक गोष्ट आहे आणि तो कोणत्या खुणेने नोंदवला आहे ही दुसरी. आपल्या परंपरेत या भेदाचे उत्तम उदाहरण आहे. पालि भाषेला स्वतःची अशी एकच लिपी नाही. त्रिशरण आणि पंचशील श्रीलंकेत सिंहली लिपीत लिहिले जाते, म्यानमारमध्ये ब्रह्मी लोकांच्या लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत आणि आपल्याकडे देवनागरीत. भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून संपूर्ण त्रिपिटक देवनागरीत प्रसिद्ध झाले. इगतपुरी येथील विपश्यना विशोधन विन्यासाने त्रिपिटक सीडीवर आणले, तेव्हा एकच पाठ वाचकाला हव्या त्या लिपीत पाहण्याची सोय त्यात केली. लिपी बदलली तरी शब्द तोच राहतो. मात्र कोणत्या लिपीत लिहिले आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते, अन्यथा पान उघडे असूनही वाचन होत नाही.

संगणकातही असेच आहे. संगणक अक्षर ओळखत नाही, त्याला फक्त संख्या कळते. म्हणून प्रत्येक वर्णाला एक संख्या दिलेली असते, तिला आपण संकेतांक म्हणू. ती संख्या स्मृतीत किंवा फाइलमध्ये कशी मांडायची, याची जी पद्धत असते तिला संकेतन म्हणू. मांडणीचे मूळ एकक म्हणजे बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट असतात आणि त्यामुळे त्यात ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या मावते. २५६ ही संख्या एका बाइटमध्ये मावत नाही. या पाठातील सर्व अडचणींचे मूळ या एका वाक्यात आहे.

२. अरुंद साच्याचा थोडा इतिहास

सी भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवली. त्या वेळी तेथील संगणकांवर वापरात असलेल्या आस्की या संकेतनात एकूण १२८ संकेतांक होते. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही नियंत्रक खुणा एवढाच त्याचा संसार. एक वर्ण म्हणजे एक बाइट हे समीकरण त्यामुळे सहज रूढ झाले आणि सी भाषेतील वर्ण ठेवण्याचा मूळ प्रकार, म्हणजे 'चार', हा एका बाइटचाच ठरला.

भारतीय लिपींसाठी या चौकटीत राहूनच एक मार्ग काढला गेला. आस्कीने वापरलेल्या १२८ जागांच्या वरचा अर्धा भाग मोकळा होता; तेथे भारतीय अक्षरे बसवण्यात आली. हे इस्की संकेतन. भारतीय मानक ब्यूरोने त्याला १९९१ मध्ये मानक म्हणून मान्यता दिली. त्यात देवनागरी 'र' चा संकेतांक २०७, 'म' चा २०४ आणि काना म्हणजे २१८. 'रमा' हे नाव इस्कीत तीन बाइटांत बसते. पण त्याच जागा बंगाली, गुजराती, तमिळ इत्यादी लिपींनाही वाटून दिलेल्या होत्या, त्यामुळे एकटा बाइट पाहून अक्षर कोणत्या लिपीचे हे सांगता येत नसे. त्याच काळात प्रकाशन व्यवसायात निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फाँट आले. त्यांत पडद्यावर मराठी दिसत असे, फाइलमध्ये मात्र त्या त्या फाँटचे खासगी बाइट असत. ज्यांनी जुन्या स्मरणिकांची अक्षरजुळणी केली आहे, त्यांना फाँट बदलताच संपूर्ण मजकूर रोमन अक्षरांच्या गर्दीत कसा हरवत असे, हे सांगायला नको.

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. जगातील प्रत्येक लिपीतील प्रत्येक वर्णाला स्वतःची वेगळी संख्या, हे तिचे तत्त्व. देवनागरीला २३०४ ते २४३१ या १२८ जागा मिळाल्या. या संख्या एका बाइटमध्ये मावणाऱ्या नाहीत. त्यांच्यासाठी सी भाषेत 'डब्ल्यूचार-टी' हा विस्तृत वर्णाचा प्रकार आहे. १९८९ च्या मानकात तो समाविष्ट झाला आणि १९९५ च्या पुरवणीने त्याच्या जोडीला फंक्शनांचा मोठा संच दिला. विस्तृत वर्ण लिनक्सवर बत्तीस बिटांचा आणि विंडोजवर सोळा बिटांचा असतो. देवनागरी दोन्हीकडे सहज मावते.

अडचण येते ती विस्तृत वर्ण पुन्हा जुन्या जगात न्यायचा असतो तेव्हा. फाइल बाइटांची असते, छपाईयंत्राला बाइट लागतात, जुने प्रोग्रॅम 'चार' मागतात. रुंद पात्रातील पाणी अरुंद तोंडाच्या भांड्यात ओतायचे आहे. ते कसे?

३. जबरदस्तीचे रूपांतर

सर्वांत सोपा दिसणारा आणि सर्वांत घातक मार्ग म्हणजे विस्तृत वर्णाची किंमत सरळ 'चार' प्रकारच्या चलात टाकणे. सी भाषेत याला 'कास्ट' म्हणतात. आपल्या समाजाला परिचित असलेल्या त्या दुसऱ्या कास्टशी या शब्दाचा संबंध नाही. धातू साच्यात ओततात त्या अर्थाने तो येथे घ्यावा. कंपायलर सहसा तक्रार करत नाही, प्रोग्रॅम चालतो आणि काहीतरी छापलेही जाते. काय छापले जाते ते पाहू.

सोळा किंवा बत्तीस बिटांतील शेवटचे आठ ठेवून बाकीचे फेकून देणे म्हणजे गणिताच्या भाषेत २५६ ने भागून भागाकार टाकणे आणि बाकी ठेवणे. 'रमा' या नावात संगणकाच्या दृष्टीने तीन वर्ण आहेत: र, म आणि काना.

र : २३५२ = ९ × २५६ + ४८. आस्कीत ४८ म्हणजे शून्य हा इंग्रजी अंक.
म : २३५० = ९ × २५६ + ४६. आस्कीत ४६ म्हणजे पूर्णविरामाचा टिंब.
काना : २३६६ = ९ × २५६ + ६२. आस्कीत ६२ म्हणजे गणितातील 'पेक्षा मोठे' हे चिन्ह.

'रमा' च्या जागी शून्य, टिंब आणि एक गणिती चिन्ह उरले. ज्या नावाने या संस्थेतील कितीतरी मुलींना हाक मारली गेली, ते नाव यंत्राने कोणतीही सूचना न देता पुसले.

हे केवळ एका नावापुरते नाही. देवनागरीचा संपूर्ण विभाग २३०४ पासून सुरू होतो आणि २३०४ म्हणजे बरोबर ९ गुणिले २५६. म्हणून देवनागरीतील प्रत्येक वर्णाचा भागाकार ९ येतो आणि बाकी ० ते १२७ यांच्या दरम्यान, म्हणजे नेमकी आस्कीच्या हद्दीत पडते. मिळालेला बाइट नेहमीच वैध दिसतो, म्हणून चूक पकडली जात नाही. भागाकार टाकून दिल्यावर ४८ ही बाकी मूळच्या शून्याची की मूळच्या 'र' ची, हे कोणीही सांगू शकत नाही. गेलेले अक्षर परत मिळवण्याचा खात्रीचा मार्ग उरत नाही.

काही अक्षरे तर याहून अधिक उपद्रव करतात. 'ब' ची बाकी ४४ येते आणि ४४ हा स्वल्पविराम आहे. स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या यादीत 'ब' असलेल्या प्रत्येक नावापाशी एक नवा रकाना सुरू होतो आणि पुढील जन्मतारीख, इयत्ता, गुण सारे एक घर सरकतात. 'उ' ची बाकी ९, म्हणजे टॅबची खूण. 'ऊ' ची १०, म्हणजे नवी ओळ. 'ठ' ची ३२, म्हणजे कोरी जागा. 'इ' ची बाकी ७ येते आणि ती जुन्या यंत्रांवर घंटी वाजवणारी खूण आहे. घंटी वाजली तर निदान कोणी मान वर करून पाहील. बाकीची अक्षरे मात्र निमूटपणे नाहीशी होतात.

४. विचारून केलेले रूपांतर

सी भाषेने या कामासाठी स्वतंत्र फंक्शन दिले आहे: 'डब्ल्यूसीटॉब'. वाइड कॅरॅक्टर टु बाइट, असा या संक्षेपाचा विस्तार. १९९५ च्या पुरवणीतून ते आले. त्याला एक विस्तृत वर्ण द्यावा. हा वर्ण एका बाइटमध्ये लिहिता येतो का, या प्रश्नाचे ते उत्तर देते. येत असेल तर तो बाइट परत मिळतो. येत नसेल तर 'ईओएफ' ही ऋण किंमत परत मिळते. वर्ण कापून कसाबसा बसवण्याचा प्रयत्न हे फंक्शन करत नाही.

इंग्रजी 'ए' दिला तर ६५ मिळतील. स्वल्पविराम दिला तर ४४ मिळतील. आजच्या नेहमीच्या व्यवस्थेत 'र' दिला तर ईओएफ मिळेल. काही विद्यार्थ्यांना हे अपयश वाटते. आम्हांला ते प्रामाणिक उत्तर वाटते. 'मावत नाही' असे वेळेवर सांगणारे फंक्शन आणि मावत नसताना मावल्याचे भासवणारा कास्ट, या दोहोंत कोणाची निवड करावी हे सांगण्याची गरज नाही.

हे फंक्शन वापरताना एक पथ्य पाळावे. त्याचे उत्तर 'इंट' प्रकारच्या चलात घ्यावे, 'चार' मध्ये कधीही घेऊ नये. ईओएफची किंमत बहुधा उणे एक असते. ती एका बाइटमध्ये टाकली की तिचा २५५ होतो. काही यंत्रांवर 'चार' हा प्रकार चिन्हरहित असतो. तेथे 'उत्तर ईओएफ आहे का' ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. प्रथम इंटमध्ये घेणे, नंतर ईओएफशी ताडणे आणि ते वेगळे असल्याची खात्री झाल्यावरच बाइट म्हणून वापरणे, हा क्रम मोडू नये.

५. उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे

'र' एका बाइटमध्ये मावतो का? इस्की वापरणाऱ्या व्यवस्थेत मावतो, यूटीएफ-८ मध्ये मावत नाही. एकाच प्रश्नाची दोन खरी उत्तरे आहेत, कारण प्रश्न संकेतनासह विचारायचा असतो. सी भाषेत ही परिस्थिती 'लोकॅल' या नावाने ओळखली जाते. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा 'सी' नावाचे मूळ लोकॅल लागू असते आणि तेथे देवनागरीची ओळख असेलच असे नाही. म्हणून प्रोग्रॅमच्या आरंभीच 'सेटलोकॅल' या फंक्शनला रिकामी स्ट्रिंग देऊन वापरकर्त्याच्या संगणकावर ठरवलेले लोकॅल लागू करावे लागते. लिनक्सवर मराठीसाठी भाषेचा संक्षेप 'एमआर', देशाचा 'आयएन' आणि पुढे यूटीएफ-८ अशा रचनेचे नाव असते.

येथेही उत्तर तपासणे आवश्यक आहे. मागितलेले लोकॅल त्या संगणकावर उपलब्ध नसेल तर सेटलोकॅल शून्य पॉइंटर परत करते आणि जुनेच लोकॅल चालू राहते. पुष्कळदा घरच्या संगणकावर नीट चालणारा प्रोग्रॅम दुसरीकडे नेल्यावर सर्व नावांना नकार देतो. त्याचे कारण बहुधा येथे सापडते.

६. एका बाइटचा हट्ट सोडणे

डब्ल्यूसीटॉबने नकार दिला म्हणजे वाट संपली असे नव्हे. वर्ण एका बाइटमध्ये मावत नसेल तर त्याला हवे तितके बाइट द्यावेत. यूटीएफ-८ हे संकेतन याच तत्त्वावर उभे आहे. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ते १९९२ मध्ये रचले. त्यात आस्कीचे वर्ण पूर्वीप्रमाणे एका बाइटमध्ये राहतात आणि देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन बाइट मिळतात.

र : २२४, १६४, १७६
म : २२४, १६४, १७४
काना : २२४, १६४, १९०

'रमा' नऊ बाइटांत पूर्ण आणि अबाधित लिहिले गेले. यातील प्रत्येक बाइट १२७ पेक्षा मोठा आहे, हे ध्यानात घ्यावे. यूटीएफ-८ मध्ये अनेक बाइटांच्या वर्णाचा कोणताही बाइट आस्कीच्या हद्दीत येत नाही. म्हणून 'ब' च्या पोटात स्वल्पविराम निघण्याची भीती येथे नाही आणि रकाने सरकत नाहीत.

एका वर्णासाठी हे काम 'डब्ल्यूसीआरटॉम्ब' हे फंक्शन करते. त्याला बाइट ठेवण्यासाठी जागा, विस्तृत वर्ण आणि रूपांतराची स्थिती सांभाळणारा एक चल द्यावा लागतो. तो चल आरंभी शून्याने भरलेला असावा. जागा किती असावी? 'एमबी-लेन-मॅक्स' या स्थिरांकाइतकी ठेवली तर कोणत्याही लोकॅलमध्ये ती अपुरी पडत नाही. फंक्शन किती बाइट लिहिले ते सांगते. वर्ण त्या लोकॅलमध्ये लिहिताच येत नसेल तर ते उणे एक परत करते. पण हे उणे एक 'साइझ-टी' या चिन्हरहित प्रकारातले असते, म्हणजे प्रत्यक्षात एक प्रचंड धन संख्या. 'उत्तर शून्यापेक्षा लहान आहे का' अशी तपासणी केल्यास ती कधीच खरी होणार नाही. उणे एकाला साइझ-टी प्रकारात आणून त्याच्याशी समानता तपासावी.

संपूर्ण नावासाठी 'डब्ल्यूसीएसआरटॉम्ब्स' हे फंक्शन आहे. त्याचा उपयोग दोन टप्प्यांत करावा. पहिल्या टप्प्यात लिहिण्याची जागा म्हणून शून्य पॉइंटर द्यावा. तेव्हा फंक्शन काहीही न लिहिता किती बाइट लागतील एवढेच सांगते. त्या संख्येत शेवटच्या शून्य बाइटसाठी एक मिळवून तेवढी स्मृती मागून घ्यावी आणि दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रूपांतर करावे. सदरा शिवण्यापूर्वी माप घेण्याची ही रीत आहे. तयार सदऱ्यात मुलाला कोंबू नये.

७. 'प्रज्ञा' आणि वीस बाइटांचा रकाना

माप न घेतल्यास काय होते, याचे एक उदाहरण देतो. नावासाठी वीस बाइटांचा रकाना ठेवण्याची जुनी सवय अनेक प्रोग्रॅमांत दिसते. इंग्रजीत एकोणीस अक्षरे आणि शेवटचा शून्य बाइट त्यात बसतात, म्हणून तो पुरेसा वाटतो. आता 'प्रज्ञा' हे नाव घ्या. डोळ्यांना दोनच अक्षरे दिसतात. संगणकासाठी मात्र त्यात प, हलन्त, र, ज, हलन्त, ञ आणि काना असे सात वर्ण आहेत. सात गुणिले तीन, एकवीस बाइट. शेवटचा शून्य धरून बावीस. वीसच्या रकान्यात पहिले एकोणीस बाइट कापून भरले तर सहा वर्ण पूर्ण बसतात आणि कान्याच्या तीन बाइटांपैकी एकच आत येतो. तो एकटा बाइट निरर्थक असल्याने पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटते. कोणी ते चिन्ह घाण समजून काढून टाकले की उरते 'प्रज्ञ'. तो स्वतंत्र शब्द आहे आणि पुल्लिंगी आहे. मुलीचे नाव बदलून गेले आणि पाहणाऱ्याला त्यात चूकही दिसणार नाही.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'प्रज्ञ' आणि जन्मदाखल्यावर 'प्रज्ञा' असेल, तर शिष्यवृत्तीच्या अर्जापासून जात पडताळणीपर्यंत त्या मुलीला आणि तिच्या पालकांना प्रत्येक खिडकीवर आपण तेच आहोत हे सिद्ध करत बसावे लागते. एका कान्याचे दोन बाइट वाचवल्याची ही किंमत. ज्या घरातील मिळवता माणूस रोजंदारीवर जातो, त्या घराला कचेरीतील प्रत्येक हेलपाटा एका दिवसाच्या मजुरीला पडतो.

८. जेथे एक बाइट योग्यच आहे

विस्तृत वर्ण एका बाइटमध्ये आणणे नेहमीच चुकीचे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. हजेरीपटावरील क्रमांक, गुण, पिनकोड यांसाठी ते योग्यच असते. मात्र तेथे अर्थ सांभाळून रूपांतर करावे लागते.

समजा एखाद्या विषयात ७५ गुण आहेत आणि ते देवनागरी अंकांत टंकलेले आहेत. '७' चा संकेतांक २४१३ आणि '५' चा २४११. डब्ल्यूसीटॉब दोहोंनाही नकार देईल. कास्ट केल्यास बाकी १०९ आणि १०७ येते, म्हणजे इंग्रजी 'एम' आणि 'के' ही लहान अक्षरे. गुणपत्रिकेवर ७५ च्या जागी ती दोन अक्षरे उमटतील. योग्य रीत अशी की, संकेतांक २४०६ ते २४१५ यांच्या दरम्यान आहे का ते पाहावे, कारण देवनागरी शून्य ते नऊ हे अंक त्याच जागांवर क्रमाने आहेत. असल्यास त्यातून २४०६ वजा करावेत. २४१३ मधून २४०६ गेले, उरले ७. त्यात आस्कीतील शून्याचे ४८ मिळवले की ५५, आणि ५५ म्हणजे इंग्रजी सात. एका बाइटमध्ये आला, आणि सातचा सातच राहिला.

अंकाची किंमत लिपी बदलल्याने बदलत नाही, म्हणून हे रूपांतर निर्धोक आहे. नावाला अशी दुसरी 'किंमत' नसते. नावाची अक्षरे हेच नावाचे सर्वस्व. म्हणून अंकांना जी सवलत देता येते ती नावांना देता येत नाही.

९. नावाचा आग्रह कशासाठी

एवढ्या बारीकसारीक गोष्टींचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, नाव हा आपल्या समाजासाठी कधीच किरकोळ विषय नव्हता. ज्यांना पिढ्यानपिढ्या तुच्छतादर्शक नावांनी हाक मारली गेली, त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर आपल्या मुलांची नावे विचारपूर्वक ठेवली. राहुल, सिद्धार्थ, गौतम, सुजाता, प्रज्ञा, करुणा या नावांमागे आईवडिलांनी केलेली एक निवड आहे. ती नोंदवहीत जशीच्या तशी उतरली पाहिजे. रकाना लहान आहे म्हणून नाव लहान करणे हा व्यवहार आपण पूर्वी पुष्कळ पाहिला आहे. संगणकाच्या निमित्ताने तो पुन्हा आपल्याच हातून होऊ नये.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. बुद्धवचन छंदसात बांधावे अशी सूचना दोन भिक्खूंनी केली. तथागतांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत ते शिकण्याची मुभा दिली. लोकांच्या बोलीला प्रतिष्ठित साच्यात ओतण्याऐवजी धम्मच लोकांच्या बोलीपर्यंत गेला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानेही वर्णाला बाइटच्या मापाने कापू नये, वर्णाच्या मापाने बाइट द्यावेत.

या पाठातील नियम थोडक्यात असे: आरंभी लोकॅल लावावे आणि लागले की नाही ते पाहावे. विस्तृत वर्णावर कास्ट करू नये. एक बाइट हवाच असेल तर डब्ल्यूसीटॉबला विचारावे आणि उत्तर इंटमध्ये घ्यावे. नकार आला तर अनेक बाइटांचे रूपांतर करावे. तेही शक्य नसेल तर काम थांबवून नोंद करणाऱ्याला स्पष्ट सांगावे, परस्पर प्रश्नचिन्ह घालून पुढे जाऊ नये. रकान्याची लांबी मोजून ठरवावी. शेवटी लिहिलेले परत वाचून मूळ नावाशी ताडून पाहावे; दोन्ही तंतोतंत जुळली तरच नोंद पूर्ण झाली असे समजावे.

स्वाध्याय

(१) आपले नाव कागदावर लिहून त्यातील वर्ण मोजा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षरातील हलन्त हे सर्व स्वतंत्र वर्ण धरा. त्या संख्येला तीनने गुणा. यूटीएफ-८ मध्ये आपल्या नावाला तितके बाइट लागतील. पडताळ्यासाठी: 'राहुल' मध्ये पाच वर्ण व पंधरा बाइट, 'सुजाता' मध्ये सहा वर्ण व अठरा बाइट.

(२) 'सिद्धार्थ' या नावासाठी शेवटच्या शून्य बाइटसह किती जागा मागावी लागेल? (उत्तर : नऊ वर्ण, सत्तावीस बाइट आणि एक, एकूण अठ्ठावीस.)

(३) 'य' चा संकेतांक २३५१ आहे. कास्ट केल्यास बाकी किती येईल? तो आस्कीत कोणत्या चिन्हाचा संकेतांक आहे ते शोधा.

(४) देवनागरी '९' चे इंग्रजी नऊमध्ये रूपांतर वरील वजाबाकीच्या रीतीने करून दाखवा.

(५) सी भाषा शिकणाऱ्यांसाठी : आपल्या वर्गातील सर्व नावे फाइलमधून विस्तृत वर्ण म्हणून वाचणारा, त्यांचे बहुबाइट रूपांतर करून दुसऱ्या फाइलमध्ये लिहिणारा आणि दोन्ही फाइली ताडून पाहणारा प्रोग्रॅम लिहा. एकही नाव बदललेले नसावे.

आम्ही येथे सांगितले म्हणून काहीही मान्य करू नये. प्रत्येक आकडा स्वतः भागून पाहावा आणि प्रत्येक फंक्शन स्वतः चालवून पाहावे. 'ये आणि पाहा' ही धम्माची शिकवण संगणकाच्या वर्गालाही तितकीच लागू आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.